डेटाबेस लायब्ररी जँगो ४.२ वरून ५.२ वर नेताना: कामाचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

जँगोवर (पायथनमधील वेब-फ्रेमवर्कवर) आधारलेली एखादी मुक्तस्रोत डेटाबेस लायब्ररी नव्या आवृत्तीशी सुसंगत करायची, म्हणजे नवी आवृत्ती बसवायची, चाचण्या चालवायच्या आणि जिथे लाल दिसेल तिथे दुरुस्ती करत जायचे, अशीच पद्धत बहुतेक ठिकाणी दिसते. या पद्धतीने चाचण्या हिरव्या होतात, पण लायब्ररी सुसंगत झालीच असे म्हणता येत नाही. डेटाबेसशी जवळून बोलणारी लायब्ररी जँगोच्या ज्या अंतर्गत भागांवर उभी असते, त्यांतील बदलांची पूर्वसूचना जँगो देत नाही. शिवाय नव्या आवृत्तीत आलेल्या सोयी जुन्या चाचण्यांच्या कक्षेतच नसतात. म्हणून आधी जुन्या आवृत्तीवर लायब्ररी पूर्ण स्वच्छ करावी, मग नवी आवृत्ती आणावी, आणि जुनी सोडण्याचा निर्णय सर्वांत शेवटी, स्वतंत्रपणे घ्यावा.

उदाहरण म्हणून जँगो ४.२ (एप्रिल २०२३) वरून ५.२ (एप्रिल २०२५) वर जाण्याचे काम घेतले आहे. या दोन्ही दीर्घकालीन पाठिंब्याच्या आवृत्त्या असल्यामुळे अनेक प्रकल्प थेट एकीवरून दुसरीवर जातात. लायब्ररी म्हणजे स्वतःचे फील्ड, लुकअप (शोधाच्या अटी), एकाच वेळी हजारो ओळी लिहिणारी फंक्शने किंवा स्वतःची मॉडेल्स व मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतील बदल नोंदवणाऱ्या फायली) पुरवणारे पॅकेज, असे गृहीत धरले आहे. स्वतंत्र डेटाबेस बॅकएंडसाठी (जँगोला एखाद्या डेटाबेसशी जोडणाऱ्या भागासाठी) पुढे वेगळा टप्पा आहे. फंक्शनांची आणि पर्यायांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती अधिकृत दस्तऐवजातील रूपातच लिहावीत.

१. कोडला हात लावण्याआधी

लायब्ररीच्या भांडारात (रिपॉझिटरीत) उघड्या आणि बंद अशा दोन्ही प्रकारच्या इश्यू (नोंदवलेल्या अडचणी) व पुल रिक्वेस्ट (पाठवलेले बदल) वाचाव्यात. हेच काम कोणीतरी अर्धे केलेले असण्याची शक्यता मोठी असते, आणि त्या चर्चेत मेन्टेनरने (लायब्ररी सांभाळणाऱ्याने) कोणत्या जुन्या आवृत्त्या टिकवायच्या आहेत हे आधीच सांगितलेले असते. तसे काही नसेल तर एक छोटा इश्यू उघडून दोन गोष्टी विचाराव्यात: किमान कोणती जँगो आवृत्ती चालू ठेवायची, आणि बदल एकाच पुल रिक्वेस्टमध्ये हवेत की तुकड्यांत.

किमान आवृत्तीच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. लायब्ररीची निदान एक तरी प्रकाशित आवृत्ती ४.२ आणि ५.२ या दोन्हींवर चालली पाहिजे. वापरकर्ता आधी जुन्या जँगोवर राहून लायब्ररी बदलतो, प्रकल्प नीट चालतो हे पाहतो आणि मग जँगो बदलतो. ही मधली पायरी काढून घेतली तर त्याला दोन्ही गोष्टी एकाच दिवशी बदलाव्या लागतात, आणि काही बिघडले तर दोष कुठला हे त्याला शोधता येत नाही.

२. जुन्या आवृत्तीवर आधारचाचणी

नवे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट तयार करून त्यात जँगो ४.२ बसवावे, आणि लायब्ररीत एका अक्षराचाही बदल न करता सर्व चाचण्या चालवाव्यात. काही चाचण्या आधीपासूनच नापास होत असतील तर त्यांची यादी आत्ताच लिहून ठेवावी. नाहीतर पुढे त्यांचा दोष नव्या आवृत्तीवर जातो आणि नसलेल्या कारणाचा शोध घेण्यात वेळ जातो.

पायथनची आवृत्ती विचारपूर्वक निवडावी. जँगो ४.२ पायथन ३.८ ते ३.१२ वर चालते आणि ५.२ ला किमान ३.१० लागते. त्यामुळे ३.१०, ३.११ आणि ३.१२ या तीनच आवृत्त्या दोन्ही टोकांना चालतात. त्यांतली एक निवडून संपूर्ण कामभर तीच ठेवावी. पायथन ३.१२ मधून डिस्टयुटिल्स हे मॉड्यूल काढून टाकले आहे, आणि आवृत्त्यांची तुलना करण्यासाठी जुन्या लायब्ररी नेमके तेच वापरतात. जँगो आणि पायथन एकदम बदलले तर त्या त्रुटीचे खापर जँगोवर फुटते.

डेटाबेस सर्व्हरचेही तसेच आहे. जँगो ४.२ पोस्टग्रेस १२ पासून पुढे चालते, ५.१ ला किमान १३ लागते आणि ५.२ ला १४. सीआयच्या (प्रत्येक बदलावर आपोआप चाचण्या चालवणाऱ्या व्यवस्थेच्या) मांडणीत पोस्टग्रेस १२ ची जुनी प्रतिमा तशीच राहिली असेल, तर ५.२ वर जोडणी होतानाच जँगो नकार देते आणि एकूण एक चाचणी नापास होते.

तपासणी: पुढे जाण्याआधी जँगो ४.२, निवडलेले पायथन आणि पोस्टग्रेस १४ किंवा त्यापुढील सर्व्हर या जोडणीवर चाचण्यांचा निकाल हाती असावा.

३. इशाऱ्यांचे त्रुटींत रूपांतर

जँगो एखादी सार्वजनिक सोय थेट काढत नाही. आधी ती नापसंत ठरवते, वापरल्यास इशारा देते आणि ठरलेल्या पुढच्या आवृत्तीत काढते. ५.० मध्ये काढलेल्या गोष्टींचा इशारा ४.२ देते, आणि ५.१ मध्ये काढलेल्यांचाही देते. ५.२ मध्ये अशा प्रकारे काही काढलेले नाही. याचा अर्थ असा, की ४.२ वर एकही इशारा न देणारी लायब्ररी सार्वजनिक सोयींच्या बाबतीत ५.२ पर्यंत सुरक्षित असते. हे काम जुन्या आवृत्तीवरच करावे असा आग्रह त्यासाठीच आहे: ४.२ वर इशारा नेमकी ओळ दाखवतो आणि पर्याय सुचवतो, तर ५.२ वर तीच चूक ‘असे काही सापडत नाही’ एवढ्याच संदेशाने समोर येते.

पायथन हे इशारे सहसा दाखवत नाही. ५.१ मध्ये जाणाऱ्या सोयींचे इशारे तर ४.२ वर ‘पेंडिंग डेप्रिकेशन वॉर्निंग’ या वर्गात मोडतात आणि मूळ मांडणीत पूर्णपणे दडपले जातात. त्यामुळे ‘डेप्रिकेशन वॉर्निंग’ आणि ‘पेंडिंग डेप्रिकेशन वॉर्निंग’ हे दोन्ही वर्ग त्रुटी मानले जातील अशी मांडणी चाचणीच्या आज्ञेत किंवा पायटेस्टच्या सेटिंग्जमध्ये करावी. इतर पॅकेजांच्या इशाऱ्यांमुळे काम अडत असेल, तर फक्त जँगोचे वर्ग नावाने द्यावेत. परंतु हे वर्ग आवृत्तीगणिक बदलतात, आणि ४.२ साठी लिहिलेले ‘रिमूव्हड इन जँगो ५१ वॉर्निंग’ हे नाव ५.२ मध्ये अस्तित्वातच नाही. ती ओळ केवळ ४.२ च्या एन्व्हायर्नमेंटपुरती ठेवावी.

डेटाबेस लायब्ररीत प्रामुख्याने पुढील गोष्टी सापडतात. पायटीझेड या टाइमझोन पॅकेजचा आधार ५.० मध्ये गेला आहे, आणि टाइमझोन मॉड्यूलमधले ‘यूटीसी’ हे उपनावही. त्याजागी पायथनच्या मूळ डेटटाइममधील यूटीसी वापरावे. ‘इंडेक्स टुगेदर’ हा मेटा-पर्याय ५.१ मध्ये गेला आहे. पोस्टग्रेससाठीची लहान-मोठी अक्षरे न पाहणारी ‘सीआय’ फील्डेही ५.१ मध्ये गेली असून त्यांच्या जागी कोलेशन (अक्षरांच्या तुलनेचे नियम) वापरायचे आहे. जेसन फील्डला आधीच एन्कोड केलेली स्ट्रिंग देणेही आता चालत नाही.

इशारा: चाचण्या ज्या ओळींपर्यंत पोहोचत नाहीत, तिथले इशारेही दिसत नाहीत. कव्हरेजचा (चाचण्यांत कोणत्या ओळी चालल्या याचा) अहवाल काढून न तपासलेल्या फायली निदान डोळ्यांखालून घालाव्यात.

४. खाजगी भागांची यादी

सर्वाधिक दुर्लक्ष याच टप्प्याकडे होते. मॉडेलच्या ‘मेटा’ वस्तूवरील गेट-फील्ड आणि गेट-फील्ड्स ही फंक्शने सार्वजनिक आहेत. त्यापलीकडचे बरेचसे, तसेच क्वेरी, कंपायलर आणि बॅकएंड यांचे अंतरंग, जँगोच्या स्थैर्याच्या हमीत येत नाही. तिथे बदल झाला तर इशारा मिळत नाही.

संपूर्ण कोडमध्ये शोध घेऊन ‘एसक्यूएल’ आणि ‘बॅकएंड्स’ या उपपॅकेजांतून केलेले इम्पोर्ट आणि अधोरेषेने सुरू होणारी जँगोची नावे यांची यादी करावी. मग जँगोचे भांडार उतरवून घ्यावे आणि यादीतल्या प्रत्येक फायलीतला फरक ४.२ आणि ५.२ या टॅगांदरम्यान पाहावा. एखादे नाव नाहीसे झाले असेल तर गिटच्या नोंदीत ते नाव शोधल्यावर ज्या कमिटने ते काढले तोच समोर येतो, आणि कमिटच्या संदेशात तिकीट क्रमांक असल्यामुळे कारणही कळते.

वर्तनातले बदल मात्र नावांच्या शोधातून हाती लागत नाहीत. एक उदाहरण घेऊ. ५.२ पासून ‘व्हॅल्यूज’ आणि ‘व्हॅल्यूज लिस्ट’ यांनी तयार होणाऱ्या सिलेक्टमध्ये स्तंभ सांगितलेल्या क्रमानेच येतात. पूर्वी साधे स्तंभ आणि ॲनोटेशन (क्वेरीतच गणलेली मूल्ये) मिसळले की क्रम वेगळ्याच नियमांनी ठरत असे. एखादी लायब्ररी अशी क्वेरी कच्च्या एसक्यूएलमध्ये रूपांतरित करून ‘इन्सर्ट इंटो’च्या पुढे जोडत असेल आणि जुना क्रम गृहीत धरत असेल, तर दोन्ही स्तंभ एकाच प्रकारचे असताना त्रुटी येणार नाही, मूल्ये चुकीच्या स्तंभात जातील, एवढेच. म्हणून ५.०, ५.१ आणि ५.२ या तिन्हींच्या रिलीज नोट्समधील ‘मागील आवृत्तीशी विसंगत बदल’ हा भाग संपूर्ण वाचावा, नुसता चाळू नये.

५. एकेक पायरी चढणे

आता ५.०, मग ५.१ आणि मग ५.२ असे एकेक बसवून प्रत्येक वेळी चाचण्या चालवाव्यात. मधल्या दोन आवृत्त्या अंतिम आधारयादीत नसल्या तरी चालेल. त्यांचा उपयोग त्रुटी कुठल्या पायरीवर आली हे कळण्यापुरता आहे. थेट उडी घेतली की तीन आवृत्त्यांचे बदल एकमेकांवर चढतात आणि पहिल्या त्रुटीखाली बाकीच्या झाकल्या जातात.

५.० वर आल्यावर तारीख-वेळेच्या चाचण्या मोठ्या संख्येने नापास झाल्या, तर आधी चाचणीची सेटिंग्ज पाहावीत. ‘यूज टीझेड’चे मूळ मूल्य ५.० पासून ‘ट्रू’ झाले आहे. सेटिंग्जमध्ये ते लिहिलेच नसेल, तर काल साधी असलेली वेळ आज टाइमझोनसह येते. अशा वेळी लायब्ररीच्या कोडमध्ये रूपांतरे घुसवणे ही चूक आहे. सेटिंग स्पष्ट लिहावी, आणि शक्य असल्यास दोन्ही मूल्यांवर चाचण्या चालवाव्यात, कारण वापरकर्त्यांचे प्रकल्प दोन्ही प्रकारचे असतात.

पोस्टग्रेसच्या ड्रायव्हरकडेही (पायथनला पोस्टग्रेसशी जोडणाऱ्या पॅकेजकडेही) इथेच लक्ष द्यावे. ४.२ पासून जँगो सायकोपीजी २ बरोबरच ३ वरही चालते. दोन्ही ड्रायव्हर बसवलेले असतील तर ते ३ ला पसंती देते. लायब्ररी सायकोपीजी २ मधून थेट इम्पोर्ट करत असेल तर दोन प्रकारे बिघाड होतो. २ बसवलेलेच नसेल तर इम्पोर्ट फसतो, आणि ते लगेच दिसते. दोन्ही बसवलेले असतील तर इम्पोर्ट यशस्वी होतो, लायब्ररी आपले ॲडॉप्टर २ कडे नोंदवते आणि प्रत्यक्ष जोडणी ३ ची असल्यामुळे त्या नोंदणीचा काहीच परिणाम होत नाही. कच्च्या एसक्यूएलमध्ये ‘इन’च्या पुढे टपल देण्याची जुनी सवयही ३ मध्ये चालत नाही, तिथे ‘इक्वल्स एनी’ वापरून यादी द्यावी लागते.

तपासणी: चाचण्या दोन वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये चालवाव्यात, एकात फक्त सायकोपीजी २ आणि दुसऱ्यात फक्त ३. दोन्ही एकत्र कधीही ठेवू नयेत.

६. दोन्ही आवृत्त्यांवर चालणारा कोड

आवृत्तीनुसार फाटे फोडावे लागले तर ते सर्व एका लहान फायलीत ठेवावेत, म्हणजे पुढे जुनी आवृत्ती सोडताना ती फाइल पाहून साफसफाई करता येते. तुलना जँगोच्या आवृत्ती-टपलशी करावी, आवृत्तीच्या स्ट्रिंगशी नव्हे.

‘चेक कन्स्ट्रेंट’चे उदाहरण घेऊ. ५.१ मध्ये त्याचा ‘चेक’ हा आर्ग्युमेंट नापसंत ठरून त्याजागी ‘कंडिशन’ आला, आणि ६.० मध्ये ‘चेक’ पूर्ण गेला. ४.२ ला ‘कंडिशन’ माहीत नाही. म्हणजे ‘चेक’ ठेवल्यास ५.२ वर इशारा मिळतो आणि ६.० वर त्रुटी येते, ‘कंडिशन’ लिहिल्यास ४.२ वर त्रुटी येते. इथे आवृत्ती पाहून आर्ग्युमेंटचे नाव निवडण्यावाचून मार्ग नाही, आणि ही निवड मॉडेलइतकीच लायब्ररीच्या मायग्रेशन फायलीतही करावी लागते. ५.२ वर आपोआप तयार झालेली मायग्रेशन फाइल तशीच प्रकाशित केली, की ४.२ वरील वापरकर्त्याची ‘मायग्रेट’ आज्ञा फसते.

इशारा: ‘जँगो-अपग्रेड’सारखे कोड आपोआप बदलणारे साधन वापरताना त्याला लक्ष्य म्हणून किमान आवृत्ती द्यावी, म्हणजे ४.२. तिथे ५.२ लिहिले तर ते ४.२ ला न समजणारा कोड लिहू शकते.

७. नव्या सोयींसमोर लायब्ररीची परीक्षा

इथवर चाचण्या हिरव्या झालेल्या असतात आणि बहुतेक पुल रिक्वेस्ट इथेच पाठवल्या जातात. मात्र वापरकर्ता ५.२ वर येतो तो नव्या सोयी वापरण्यासाठी, आणि लायब्ररी त्याच्या मॉडेलला हात लावते तेव्हा त्या सोयी तिच्यासमोर येतातच. पुढील तिन्हींसाठी प्रत्येकी एक लहान मॉडेल चाचण्यांत घालावे; ४.२ वर ती मॉडेल्स वगळावीत.

पहिली सोय डेटाबेसने गणलेल्या फील्डची, म्हणजे ५.० मध्ये आलेल्या ‘जनरेटेड फील्ड’ची. एकाच वेळी हजारो ओळी लिहिणाऱ्या लायब्ररी सहसा मॉडेलच्या सर्व मूर्त (तक्त्यात स्वतःचा स्तंभ असलेल्या) फील्डांवर फिरून स्तंभांची यादी बनवतात. त्या यादीत गणलेला स्तंभ आला की पोस्टग्रेस ‘या स्तंभात मूल्य घालता येत नाही’ म्हणून ओळ नाकारते. फील्डवरील ‘जनरेटेड’ हा गुण तपासून असे फील्ड वगळावे, ४.२ वर तो गुणच नसल्यामुळे, नसल्यास ‘फॉल्स’ मानावे.

दुसरी सोय ‘डीबी डिफॉल्ट’ची, तीही ५.० मधलीच. अशा फील्डला मूल्य न देता वस्तू तयार केली, तर तिच्यावर साधे मूल्य नसते, ‘डेटाबेस डिफॉल्ट’ नावाची एक अभिव्यक्ती असते. लायब्ररीचे फील्ड ‘प्री सेव्ह’मध्ये मूल्याच्या कडेची मोकळी जागा काढत असेल किंवा अक्षरे लहान करत असेल, तर ते स्ट्रिंगची क्रिया या अभिव्यक्तीवर करू पाहते आणि फसते. आलेल्या मूल्याला ‘ॲज एसक्यूएल’ ही पद्धत आहे का हे पाहून, असल्यास ते जसेच्या तसे पुढे द्यावे.

तिसरी सोय ५.२ मधील संयुक्त प्राथमिक किल्लीची. इथे ‘पीके’चे मूल्य टपल असते, आणि किल्लीतील घटक फील्डांचा ‘प्रायमरी की’ हा गुण ‘फॉल्स’ असतो. प्रत्येक मॉडेलला एकच किल्लीस्तंभ असतो हे गृहीतक लायब्ररीत किती ठिकाणी लिहिलेले आहे, हे शोधले की आकडा सहसा अपेक्षेपेक्षा मोठा निघतो. ५.२ मध्ये मेटावर ‘पीके फील्ड्स’ ही यादी दिली आहे. किल्लीची फील्डे तिच्यातून घ्यावीत. लायब्ररीला संयुक्त किल्लीचा आधार द्यायचा नसेल तर तेही चालते, पण मग सुरुवातीलाच स्पष्ट संदेशासह त्रुटी द्यावी. चुकीच्या ओळी अद्ययावत होण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

८. मायग्रेशन

लायब्ररी बदलल्यावर वापरकर्त्याच्या प्रकल्पात अनपेक्षित मायग्रेशन तयार होता कामा नये. लायब्ररीचे फील्ड वापरणारा छोटा नमुना-प्रकल्प जुन्या लायब्ररीवर व जँगो ४.२ वर तयार करावा, त्याची मायग्रेशन साठवावीत, मग नवी लायब्ररी व जँगो ५.२ बसवून ‘मेकमायग्रेशन्स’ ही आज्ञा ‘चेक’ पर्यायासह चालवावी. ४.२ पासून हा पर्याय फाइल तयार न करता फक्त निकाल सांगतो. बदल दाखवला तर बहुतेक वेळा फील्डच्या ‘डीकन्स्ट्रक्ट’ पद्धतीत नवा आर्ग्युमेंट परत येतो आहे किंवा वर्गाचा इम्पोर्ट-मार्ग बदलला आहे, असे आढळते.

लायब्ररीच्या स्वतःच्या मॉडेलवर ‘इंडेक्स टुगेदर’ असेल, तर ते ‘इंडेक्सेस’मध्ये हलवून ४.२ वर ‘मेकमायग्रेशन्स’ चालवावे; जँगो ‘रिनेम इंडेक्स’ क्रिया तयार करते आणि मोठ्या तक्त्यावर इंडेक्स पाडून पुन्हा बांधण्याचा खर्च वाचतो. हे ४.२ वर असतानाच करावे, कारण ५.१ पासून जुना पर्याय मॉडेलवर लिहिताच येत नाही. नाव स्वतः द्यावे आणि ते ३० अक्षरांच्या आत ठेवावे.

इशारा: आधी प्रकाशित झालेल्या मायग्रेशन फायलींतल्या क्रिया बदलू नयेत. वरच्या ‘कंडिशन’सारख्या प्रकरणात आर्ग्युमेंटचे नाव आवृत्तीनुसार निवडणे एवढाच अपवाद, कारण त्याने डेटाबेसमधील परिणाम बदलत नाही.

लायब्ररीच्या ॲपकॉन्फिगमध्ये ‘डिफॉल्ट ऑटो फील्ड’ लिहिलेले नसेल तर तेही लिहावे, आणि सध्याच्या मायग्रेशनमध्ये जो प्रकार आहे तोच लिहावा. ६.० मध्ये त्याचे मूळ मूल्य ‘बिगऑटोफील्ड’ झाले आहे.

९. फक्त डेटाबेस बॅकएंडसाठी

बॅकएंड लिहिणाऱ्यांसाठी रिलीज नोट्समध्ये ‘डेटाबेस बॅकएंड एपीआय’ हा स्वतंत्र भाग असतो. त्यातली प्रत्येक ओळ एकेक काम समजावी. नव्या सोयींसाठी ‘फीचर्स’ वर्गात ध्वज येतात, आणि त्यांची मूळ मूल्ये आपल्या डेटाबेसला लागू पडतात असे गृहीत धरू नये. त्यानंतर जँगोच्या ५.२ च्या स्थिर शाखेतील चाचणीसंच आपल्या बॅकएंडच्या सेटिंग्जवर चालवावा. डेटाबेसच्या मर्यादेमुळे नापास होणाऱ्या चाचण्या ‘जँगो टेस्ट स्किप्स’मध्ये कारणासह नोंदवाव्यात, आणि आपल्याच चुकीमुळे नापास होणाऱ्या ‘अपेक्षित अपयश’ या वेगळ्या यादीत. दोन्ही एकत्र केल्या तर दुरुस्त करण्याजोगे काय उरले आहे, हे पुढच्या माणसाला कळत नाही.

१०. पुल रिक्वेस्ट आणि प्रकाशन

कमिट वेगळे ठेवावेत: इशाऱ्यांची सफाई, ५.२ चा आधार, नव्या सोयींच्या चाचण्या, आणि शेवटी पॅकेजची माहिती व सीआयची मांडणी. शैलीतील बदल किंवा सगळा कोड पुन्हा फॉरमॅट करणे यात मिसळू नये. मेन्टेनर फावल्या वेळात वाचणार असतो, आणि हजार ओळींच्या फरकात त्याला नेमक्या चाळीस ओळी शोधायला लावणे योग्य नाही.

पॅकेजच्या माहितीत जँगोची किमान मर्यादा लिहावी, कमाल मर्यादा शक्यतो लिहू नये. कमाल मर्यादा असेल तर नवी जँगो आल्यावर पिप (पायथनची पॅकेजे बसवणारे साधन) गुपचूप लायब्ररीची एखादी जुनी, मर्यादा नसलेली आवृत्ती निवडू शकते, आणि ती नव्या जँगोवर कधीच तपासलेली नसते. ५.२ चा वर्गीकरण-टॅग मात्र सीआयमध्ये चाचण्या उत्तीर्ण झाल्यावरच घालावा.

आधी पूर्वप्रकाशन आवृत्ती काढावी. पिप ती मागितल्याशिवाय सहसा बसवत नाही, त्यामुळे ज्यांना तपासायचे आहे त्यांच्यापुरती ती मर्यादित राहते. बदलनोंदीत वापरकर्त्याला काय करावे लागेल हे आधी लिहावे, आत काय बदलले ते नंतर.

सीआयमध्ये जँगोच्या मुख्य शाखेवर चालणारे एक काम जोडावे आणि ते नापास झाले तरी बाकीचे अडू नये अशी मांडणी ठेवावी. डिसेंबर २०२५ मध्ये आलेल्या ६.० चा एक बदल तर आत्ताच हाताळता येतो: स्वतःच्या लुकअप व अभिव्यक्तींनी ‘ॲज एसक्यूएल’मधून पॅरामीटर यादी म्हणून न देता टपल म्हणून द्यावेत, असे तिथे अपेक्षित आहे. डाव्या आणि उजव्या बाजूचे पॅरामीटर अधिक चिन्हाने जोडलेले असतील, तर एका बाजूला यादी आणि दुसऱ्या बाजूला टपल आल्यावर ती बेरीज फसते. त्याऐवजी दोन्ही तारांकित करून एका नव्या टपलमध्ये उलगडावेत, हे ४.२, ५.२ आणि ६.० या तिन्हींवर सारखेच चालते आणि त्यासाठी आवृत्तीचा फाटा लागत नाही.